बेसन चाळून वापरावे की टाकून द्यावे?

प्रश्न : दिवाळीच्या फराळासाठी आम्ही 5 किलो हरभऱ्याची डाळ गिरणीतून दळून आणली होती. त्यातले सुमारे 2 किलो बेसन स्टीलच्या मोठ्या डब्यात, गॅसच्या वरच्या फळीवर राहून गेले. आता आषाढ लागला आहे. मागच्या आठवड्यात त्याचे पिठले केले तर ते कडवट लागले आणि मुलांनी ते पानात तसेच ठेवले. डबा नीट पाहिला तेव्हा पिठात गाठी दिसल्या आणि दोन-तीन तांबूस किडेही सापडले. सासूबाई म्हणतात, 'चाळून घे, ऊन दाखव आणि भाजून वापर, आम्ही आयुष्यभर हेच केले.' त्यांचा शब्द मोडवत नाही आणि 2 किलो पीठ टाकवतही नाही, पण मुलांच्या पोटात काही वाईट जाईल अशी भीती वाटते. बेसन खराब झाले हे नेमके कसे ओळखावे? ते नव्या बेसनात थोडे थोडे मिसळून संपवता येईल का? पुढच्या वेळी डब्यात कडुनिंबाचा पाला किंवा बोरिक पावडर घातली तर चालेल का?
– एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : आपल्या डब्यातले बेसन स्वयंपाकात वापरू नये, असे माझे मत आहे. ते का, हे आपल्याला सासूबाईंपुढे आदराने मांडता यावे म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सासूबाईंनी सांगितलेला उपाय चुकीचा नाही, तो एका वेगळ्या दुखण्यावरचा आहे. बेसनाला किडा लागतो, ओल लागते आणि ते खवट होते. ही तिन्ही दुखणी पुष्कळदा एकाच डब्यात एकाच वेळी दिसतात, म्हणून आपण सरसकट 'पीठ खराब झाले' असे म्हणून मोकळे होतो. परंतु चाळणीने फक्त किडा निघतो, भाजण्याने फार तर ओल उडते, आणि खवटपणा मात्र यांपैकी कशानेही जात नाही, उलट पसरून ऊन दिल्याने तो वाढतो. आपल्या पिठल्याला आलेला कडवटपणा बहुधा याच तिसऱ्या दुखण्याचा आहे.

कोकणात राहणाऱ्याला खवटपणा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, कारण जुन्या सुक्या खोबऱ्याचा वास आपल्या नाकाला पाठ असतो. खोबऱ्यात तेल असते हे दिसते, डाळीत ते दिसत नाही, एवढाच फरक आहे. 100 ग्रॅम हरभरा डाळीत सुमारे 5 ग्रॅम स्निग्धांश असतो, तर तेवढ्याच कणकेत तो साधारण दीड ते दोन ग्रॅम असतो. डाळ अख्खी असते तोवर हे तेल दाण्याच्या आत, पेशींमध्ये बंद राहते. गिरणीच्या दगडाखाली दाणा फुटून त्याचे लक्षावधी कण झाले, की ते तेल हवेसमोर उघडे पडते आणि दाण्यात मुळात असलेली, तेल मोडणारी विकरेही त्याच्या संपर्कात येतात. या तेलाचा मोठा भाग लिनोलेइक आम्लासारख्या मेदाम्लांचा असतो, आणि ही मेदाम्ले हवेतल्या प्राणवायूशी लवकर संयोग पावतात. त्यातून जे पदार्थ तयार होतात, त्यांचा तो उग्र, जुन्या तेलासारखा वास आणि जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारी कडू चव. एकदा तयार झालेले हे पदार्थ पिठाच्या कणाकणात मुरलेले असतात, त्यामुळे कितीही बारीक चाळणी घेतली तरी त्यांना वेगळे काढता येत नाही.

बाजरीच्या पिठाचा अनुभव आपल्या सर्वांना आहे. बाजरीतही स्निग्धांश जवळजवळ एवढाच असतो, पण तिच्यातील तेल मोडणारी विकरे फार जोमदार असल्यामुळे तिचे पीठ थोड्या दिवसांतच कडू होऊ लागते, आणि म्हणून बाजरी थोडी थोडी दळावी हे घरोघरी माहीत असते. बेसन त्या मानाने सावकाश बिघडते. नेमक्या या सावकाशपणामुळे ते टिकाऊ आहे असा आपला समज होतो आणि दिवाळीचे पीठ आषाढापर्यंत डब्यात राहते.

आपल्या बेसनाच्या बाबतीत जागेचीही चूक झाली. गॅसच्या वरची फळी ही स्वयंपाकघरातील सर्वांत उबदार जागा असते आणि उष्णतेने खवट होण्याची क्रिया वेगाने होते. तापमान 10 अंशांनी वाढले, की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. त्यात भाताची आणि डाळीची वाफ रोज दोन वेळा त्या डब्यावर चढते. मोठ्या डब्यात पीठ जसजसे कमी होते तसतशी वरची रिकामी जागा, म्हणजेच हवा, वाढत जाते, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडले की नवी, दमट हवा आत शिरते.

आता ओळखायचे कसे, ते पाहू. बेसन कच्चे चाखून पाहू नये. ताज्या बेसनाचीही कच्ची चव किंचित कडवट आणि उग्र असते, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही, शिवाय कच्चे बेसन पोटाला बाधू शकते. त्याऐवजी दोन चमचे पीठ कोरड्या तळहातावर घ्यावे, दोन्ही हातांनी अर्धा मिनिट चोळावे आणि हाताची ऊब लागल्यावर लगेच त्याचा वास घ्यावा. चांगल्या बेसनाला डाळीचा, थोडासा मातकट आणि गोडसर वास असतो. खवट बेसनाला जुन्या खोबऱ्याचा, खराब शेंगदाण्याचा किंवा भिंतीच्या तेलरंगाचा वास येतो. एवढ्यावर शंका फिटली नाही, तर एक मोठा चमचा बेसन तेल-तूप न घालता कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटे परतावे. ताजे बेसन या वेळेत खमंग वास सोडू लागते, लाडवाचे बेसन भाजताना जो वास शेजारच्या घरापर्यंत जातो तोच. बिघडलेल्या बेसनात मात्र खमंगपणाच्या आधी किंवा त्याच्या जोडीने तो तेलकट, नाकात बसणारा वास वर येतो. हे भाजलेले बेसन थंड झाल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवले तर उरलेली शंकाही जाते. माझ्या अनुभवात ही कढईची परीक्षा सर्वांत भरवशाची आहे आणि लाडवासाठी किलोभर तूप वितळवण्याआधी ती प्रत्येक वेळी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. एका दिवाळीत ती न केल्यामुळे माझे किलोभर साजूक तूप खवट बेसनात गेले होते, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते.

कोरड्या कढईतच परीक्षा करावी असे मी म्हणते, त्याला कारण आहे. पिठले कडू होण्याची इतरही कारणे असतात. फोडणीत मोहरी किंवा हिंग करपला, हळद जळली, मेथीचे दाणे जास्त पडले, पिठले बुडाला लागले, किंवा फोडणीचे तेलच जुने आणि खवट असले, तरी चव बिघडते आणि दोष बेसनावर येतो. आपण ही परीक्षा एकदा स्वतः करून पाहावी आणि शक्य झाल्यास सासूबाईंनाच तो वास घ्यायला सांगावा. ज्यांनी आयुष्यभर पीठ हाताळले आहे त्यांचे नाक आपल्यापेक्षा तयार असते, आणि त्यांनी स्वतः निर्णय दिला तर शब्द मोडण्याचा प्रश्नच उरणार नाही.

गाठींविषयी घाबरण्याआधी त्या बोटांनी दाबून पाहाव्यात. बेसन स्वभावतःच चिकट असते आणि डब्यात दाबून भरले, की बुडाशी गाठी होतातच. अशी गाठ बोटाच्या हलक्या दाबाने भुसभुशीतपणे फुटते आणि आत कोरडी असते, तिच्यात काही दोष नाही. जी गाठ फुटत नाही, चपटी होते, हाताला गार किंवा दमट लागते आणि जिला बंद पडलेल्या माळ्यासारखा कुबट वास येतो, ती ओलीची गाठ असते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतील आर्द्रता कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत उघडे राहिलेले पीठ हवेतून पाणी ओढून घेते आणि काही काळाने त्यात बुरशी धरते. हिरवट, करडा किंवा काळसर ठिपका दिसला, तर तेवढा भाग काढून उरलेले वापरणे धोक्याचे आहे, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून दूरवर गेलेले असतात. काही बुरशी अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार करतात आणि ती विषे आपल्या रोजच्या भाजण्या-तळण्याच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. 'भाजले की सगळे मरते' हा समज येथे खोटा ठरतो : बुरशी मरते, तिने सोडलेले विष राहते. खवट बेसन आणि बुरशी आलेले बेसन यांत हा मोठा फरक आहे. थोडेसे खवट बेसन एखाद्या वेळी पोटात गेले तर निरोगी माणसाला सहसा मोठा अपाय होत नाही, फार तर पोट बिघडते. त्यामुळे मागच्या आठवड्यातल्या पिठल्याची काळजी आपण मनातून काढून टाकावी. बुरशीच्या बाबतीत मात्र एवढी सवलत घेऊ नये, आणि घरात लहान मुले, गरोदर स्त्री किंवा आजारी माणूस असेल तर मुळीच घेऊ नये.

राहिला किडा. आपण पाहिलेले तांबूस, तिळाहून थोडे मोठे किडे म्हणजे पिठातले पोरकिडे असावेत. ते तीन-चार मिलिमीटर लांब असतात, उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्यांना साधारण महिना लागतो आणि एक मादी शेकडो अंडी घालते. म्हणूनच दोन-तीन किडे दिसले याचा अर्थ दोन-तीनच आहेत असा होत नाही. त्यांची अंडी आणि अगदी लहान अळ्या पिठाच्या कणांएवढ्या असल्यामुळे चाळणीतून खाली उतरतात आणि चाळलेल्या पिठात तीन-चार आठवड्यांनी पुन्हा किडे दिसतात. किड्यांची संख्या फार वाढली, की त्यांच्या अंगातून निघणाऱ्या क्विनोन नावाच्या द्रव्यांमुळे पिठाला झोंबणारा वास येतो आणि रंगावर गुलाबी-तांबूस छटा चढते. त्या अवस्थेतले पीठ कोणत्याही उपायाने वापरण्याजोगे होत नाही. पिठात जाळी दिसली, म्हणजे कण एकमेकांना धाग्यांनी चिकटून लोंबू लागले, तर तो पतंगाच्या अळ्यांचा उपद्रव समजावा. परंतु पीठ ताजे आहे, वास उत्तम आहे आणि एखादाच किडा चुकून आला आहे, अशा वेळी चाळून, भाजून लगेच संपवणे यात काही वावगे नाही. सासूबाईंचा अनुभव अशाच पिठाचा असणार, असे मला वाटते.

कारण त्यांच्या पिढीची पद्धत वेगळी होती. पूर्वी उन्हाळ्यात जी बेगमी केली जाई ती धान्याची आणि डाळींची असे, पिठाची नसे. डाळीला कडक ऊन देऊन ती डब्यांत भरली जाई आणि पीठ जात्यावर किंवा गिरणीत लागेल तसे, आठ-पंधरा दिवसांपुरते काढले जाई. वर्षभर घरात राहणारी पिठे होती ती भाजणी आणि मेतकूट यांच्यासारखी, ज्यांतले धान्य आधी भाजून घेतलेले असते. ऊन दाखवण्याचा त्यांचा उपाय डाळीसाठी अगदी योग्य आहे. टणक दाण्यातून ओल निघते आणि किडा पळतो, तेल मात्र आतच सुरक्षित राहते. तेच ऊन परातीत पसरलेल्या पिठाला दिले, तर उजेड, उष्णता आणि हवा या तिन्ही गोष्टी उघड्या तेलाला एकदम भिडतात. तेव्हा ऊन द्यायचे ते डाळीला, दळायच्या आधी.

यापुढे साठवण डाळीची करावी आणि बेसन एका वेळी किलोभरच दळावे. शेजारी कोणाकडे घरघंटी असेल तर प्रश्नच नाही. गिरणीत थोडे दळण घेत नसतील तर दोन-तीन घरांनी मिळून डाळ द्यावी आणि पीठ वाटून घ्यावे. दळायच्या आधी डाळ निवडावी, एक दिवस ऊन द्यावे किंवा पावसाळ्यात जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हाताला चांगली गरम लागेपर्यंत, पण रंग न बदलेल अशी परतावी, आणि पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत न्यावी. या हलक्या भाजण्याने ओल उडते, किड्यांची अंडी मरतात आणि तेल मोडणाऱ्या विकरांचा जोरही कमी होतो. गिरणीवाल्याला आपले दळण दुसऱ्या डाळीच्या मागून घ्यायला सांगावे, म्हणजे बाजरीचे किंवा ज्वारीचे पीठ त्यात मिसळणार नाही.

घरी आणलेले दळण गरम असते आणि येथेच बहुतेकांच्या हातून चूक होते. गरम पीठ डब्यात भरून झाकण लावले, की वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते पिठावर पडते आणि पहिल्याच दिवशी ओलीच्या गाठींची सुरुवात होते. दळण परातीत किंवा स्वच्छ कापडावर घरातच, सावलीत पसरून तासभर पूर्ण गार होऊ द्यावे. मग ते छोट्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत काठोकाठ भरावे, म्हणजे आत हवा कमी राहील. रोजच्या वापराचा एकच डबा बाहेर ठेवावा, तोही चुलीपासून दूर, अंधाऱ्या आणि कोरड्या कपाटात. काचेची बरणी दिसायला सुरेख असते, पण ती उजेडात ठेवू नये. चमचा नेहमी कोरडा असावा. भजी करताना पिठात बुडालेला हात तसाच डब्यात घालण्याची सवय घरातल्या सर्वांनी मोडायला हवी.

अशा रीतीने ठेवलेले बेसन हिवाळ्यात दोन-तीन महिने चांगले राहते, कोकणातल्या पावसाळ्यात मात्र मी ते महिनाभरात संपवते. त्याहून जास्त ठेवायचे असेल तर फ्रिजमध्ये चार-सहा महिने आणि फ्रीझरमध्ये त्याहूनही अधिक काळ टिकते. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवलेल्या पिठातली किड्यांची अंडीही मरतात, म्हणून नवे पीठ आल्याबरोबर चार दिवस तेथे ठेवून मग कपाटात हलवणे ही चांगली सवय आहे. एक पथ्य मात्र पाळावे : फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नये. तो बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर गार पिठावर बाहेरच्या हवेतली वाफ जमते आणि सगळी मेहनत वाया जाते.

विकतच्या बेसनालाही हेच नियम लागू आहेत. पाकिटावरची मुदत ही न फोडलेल्या पाकिटाची असते. फोडल्यानंतर ते आपल्या दळणासारखेच समजावे. गडद पिवळा रंग हे ताजेपणाचे लक्षण मानू नये. आपल्या अन्नकायद्यानुसार बेसनात कोणताही रंग मिसळण्यास मनाई आहे आणि चांगले बेसन फिकट, मऊ पिवळे असते.

कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा तमालपत्र डब्यात ठेवण्यास हरकत नाही, त्यांच्या वासाने किडा काही अंशी दूर राहतो, पण आधीच आत असलेली अंडी त्याने मरत नाहीत आणि खवटपणावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. पाला कडकडीत वाळलेला असावा, ओला पाला घालणे म्हणजे आपणच पिठाला ओल लावणे. बोरिक पावडर पिठात कधीही घालू नये. काही घरांत ती डाळींना चोळून ठेवतात, तीही मला पसंत नाही. डाळ निदान धुता येते, पीठ धुता येत नाही आणि ती पावडर सरळ पोटात जाते. धान्यात ठेवण्याच्या पाऱ्याच्या गोळ्यांविषयी आपण विचारलेले नाही, तरी त्यांना पिठाच्याच काय, धान्याच्या डब्यातही थारा देऊ नये, असे सांगून ठेवते.

जुने बेसन नव्यात मिसळून संपवण्याचा विचार आपण सोडून द्यावा. मूठभर खवट पीठ किलोभर चांगल्या पिठाचा खमंगपणा घालवते आणि त्यासोबत किड्यांची अंडी नव्या डब्यात जातात. आपल्या 2 किलो पिठात बुरशी किंवा कुबट वास नसेल, नुसता खवटपणाच असेल, तर तांब्या-पितळेची भांडी घासायला चिंचेबरोबर ते उत्तम चालते. कुबट वास असेल तर ते खतखड्ड्यात घालून वर माती लोटावी. गाई-म्हशींना घालण्याचा मोह होईल, कारण त्यात अन्न वाया जात नाही असे समाधान मिळते, परंतु बुरशीचे विष जनावरालाही बाधते आणि दुधात उतरून पुन्हा आपल्याच घरी येते.

रिकामा डबा गरम पाण्याने आणि साबणाने घासावा. झाकणाच्या कडेच्या खाचेत जुने पीठ अडकून राहते, तेथे जुना दात घासायचा ब्रश फिरवावा, आणि डबा पूर्ण कोरडा होईपर्यंत उपडा न ठेवता उघडा ठेवावा. आपल्याकडे लवकरच गौरी-गणपतीची तयारी सुरू होईल. लाडवांसाठी बेसन लागेल तेव्हा डाळ आठ दिवस आधी, त्याहून लवकर नको, थोडी जाडसर दळून आणावी, डब्यावर दळल्याची तारीख लिहून चिठ्ठी चिकटवावी, आणि तूप कढईत घालण्यापूर्वी एक चमचा बेसन कोरडे परतून सासूबाईंना त्याचा वास घ्यायला सांगावा.